तीस दिवस आणि वीस वर्षे

निवडणूक आली की गाव जागे होते. भोंगे लागतात, चौकाचौकांत पैजा लागतात आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो. ही सारी धामधूम असते ती पाच वर्षांच्या कारभाराचा निर्णय करण्यासाठी. पण त्याच गावाच्या पुढील वीस वर्षांचा निर्णय होतो, तेव्हा ना भोंगा वाजतो, ना गुलाल उधळला जातो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरांत एक सूचना छापून येते. नगरपालिकेच्या इमारतीत कुठल्याशा भिंतीवर एक रंगीत नकाशा टांगला जातो. हरकती आणि सूचना नोंदविण्यासाठी नागरिकांना तीस दिवसांची मुदत असते. ते तीस दिवस येतात आणि जातात. पुढे पाच-सात वर्षांनी कोणीतरी विचारतो, ‘अहो, एवढ्या मोठ्या वस्तीत शाळेला जागाच कशी नाही?’ त्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच्या नकाशात होते. पाहायला मात्र आपण गेलो नव्हतो.

शहराचा विकास आराखडा आणि त्याची वेळोवेळी होणारी सुधारणा हा विषय नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मांडला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. हे सगळे मुंबई-पुण्याचे प्रश्न, आमच्या गावांना कसला आला आराखडा? ही समजूत खरी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा मुंबईला जितका लागू आहे, तितकाच नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या नगरपालिकांना व धडगावच्या नगरपंचायतीला लागू आहे. आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करणे आणि वीस वर्षांतून किमान एकदा तो सुधारणे, हे या कायद्याने नगरपालिकेवर सोपविलेले कर्तव्य आहे. किंबहुना लहान शहरालाच त्याची निकड अधिक असते. महानगराच्या चुका दाटीत दडून जातात किंवा पैशाच्या जोरावर उड्डाणपूल बांधून झाकता येतात. लहान गावाकडे असा पैसा नसतो. त्याच्याकडे असते ती फक्त मोकळी जमीन, आणि ती एकदाच मोकळी असते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तोवर तालुक्याचे ठिकाण असलेल्या गावावर जिल्ह्याच्या कारभाराचा भार आला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालये, पोलीस मुख्यालय आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या प्रत्येकाला जागा लागली, प्रत्येकाबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर वसाहती आल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांच्या घरात होती. संपूर्ण जिल्ह्यात मात्र शहरात राहणाऱ्यांचे प्रमाण १६.७ टक्केच होते. राज्यात तेच प्रमाण ४५ टक्क्यांच्या वर होते. याचा अर्थ उघड आहे. या जिल्ह्याचे नागरीकरण अजून व्हायचे आहे. जे पुण्याचे होऊन गेले, ते नंदुरबारचे होणार आहे. व्हायच्या आधी विचार करण्याची संधी फार थोड्या गावांना मिळते, ती आपल्याला मिळाली आहे.

आराखडा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रथम नगरपालिका ठराव करून आराखडा तयार करण्याचा वा सुधारण्याचा इरादा जाहीर करते. मग नगररचना अधिकारी हद्दीतील जमिनीचे सर्वेक्षण करून आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा तयार करतो. त्या पायावर पुढील काळाचा प्रारूप आराखडा उभा राहतो. त्यात पिवळ्या रंगात रहिवास असतो, निळ्यात व्यापार, जांभळ्यात उद्योग, हिरव्यात उद्याने व शेती. शाळा, दवाखाना, मंडई, क्रीडांगण, स्मशानभूमी, रस्ते यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत सुरू होते. आलेल्या हरकतींवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या समितीत लोकप्रतिनिधी असतात, तसेच नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकारही असतात. समितीच्या अहवालानंतर नगरपालिका आवश्यक ते बदल करून आराखडा शासनाकडे पाठवते आणि शासनाच्या मंजुरीनंतर तो कायद्याइतका बंधनकारक होतो. या साऱ्या प्रवासात सामान्य माणसाला प्रवेश देणारे मुख्य दार एकच, तीस दिवसांचे.

‘हा तज्ज्ञांचा विषय आहे, त्यात आम्हाला काय कळते?’ असे म्हणून सुशिक्षित माणूसही या दारावरून परततो. परंतु तज्ज्ञाला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचाही विचार केला पाहिजे. नंदुरबारची मिरची देशभर प्रसिद्ध आहे. हंगामात शहराभोवतीच्या मोकळ्या रानावर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. बाजार समितीत विकत घेतलेली ओली लाल मिरची तेथे वाळते, मजूर स्त्रिया ती उलटतात, निवडतात, आणि त्या काही महिन्यांच्या रोजगारावर कित्येक घरांची चूल पेटते. आता सर्वेक्षण करणारा अधिकारी पावसाळ्यात आला तर त्याला तेथे काय दिसेल? पडीक जमीन. नकाशात ती पडीक म्हणून नोंदली जाईल आणि पुढच्या नकाशात तिच्यावर पिवळा रंग चढेल. त्यात अधिकाऱ्याचा दोष नाही. जमिनीचा वापर ऋतूप्रमाणे बदलतो, हे त्याला कागदावर कळत नाही. ते मिरचीच्या व्यापाऱ्याला ठाऊक असते, तिखटाच्या कारखानदाराला ठाऊक असते आणि पथारीवर राबणाऱ्या बाईला तर सर्वांत अधिक ठाऊक असते. या तिघांपैकी एकही जण सांगायला गेला नाही, तर शहराची ओळख असलेला धंदा त्याच शहराच्या आराखड्यात नसेल. यात्रेची मैदाने, गुरांच्या बाजाराच्या जागा, गणेश विसर्जनाचे घाट, होळीच्या चौकातील मोकळीक यांचेही असेच आहे. वर्षातून मोजके दिवस वापरली जाणारी आणि म्हणूनच वर्षभर मोकळी राहिली पाहिजे अशी ही भूमी. रिकामी दिसते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

सर्वेक्षणातील चूक किती महाग पडते, याचा धडा राज्याच्या राजधानीने घेतला आहे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असलेल्या इमारतींवर रस्ते आखलेले, प्रार्थनास्थळांच्या आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, असे दोष नागरिकांनी एकामागून एक दाखवून दिले. हरकतींचा पाऊस पडला. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. सुधारलेला आराखडा मे २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आला आणि २०१८ मध्ये लागू झाला. या प्रकरणात प्रशासनाची नाचक्की झाली, हे खरे. परंतु त्याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा, तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे खपून केलेला आराखडा गल्लीबोळांतील नागरिकांनी तपासला आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. आपल्या घरासमोरचा रस्ता कोठून जातो, हे सांगण्यासाठी पदवी लागत नाही. नकाशा वाचण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

आराखड्यातील रेषा केवळ सोयीच्या नसतात, कित्येकदा त्या जिवाच्या असतात. नवापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीला आलेल्या पुराने तेथे बळी घेतले, घरे वाहून नेली. नदीची निळी रेषा आणि लाल रेषा असे दोन शब्द नियोजनात वापरले जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत वस्ती असू नये, हा साधा नियम आहे. पण ज्या नदीच्या अशा रेषा आखलेल्याच नाहीत, तिच्या काठावर नियमही नाही. रंगावली असो की शहाद्याची गोमाई, काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वृद्धांना पाणी कुठवर येते हे पाठ असते. त्यांची साक्ष हरकतीच्या रूपाने नोंदली गेली पाहिजे.

याच नवापूरचा दुसरा अनुभवही विसरण्यासारखा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पक्ष्यांमधील पहिला बर्ड फ्लू याच परिसरात आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि उभा व्यवसाय बसला. २०२१ मध्ये तीच आपत्ती पुन्हा ओढवली. रोग कोठून येतो हा पशुवैद्यकांचा विषय आहे. पण कुक्कुटपालनाच्या शेडी एकमेकींपासून आणि लोकवस्तीपासून किती अंतरावर असाव्यात, वस्ती वाढत त्यांना जाऊन भिडू नये म्हणून मध्ये कोणता पट्टा मोकळा राखावा, हा निखळ भूवापराचा प्रश्न आहे. धंदाही जगला पाहिजे आणि शेजारीही. या दोहोंचा मेळ संकट आल्यावर घालता येत नाही, आधी आखलेल्या नकाशातच तो घालावा लागतो.

आता एक कटू बाजू. विकास आराखडा म्हटला की मध्यमवर्गीय घरांत पहिली भावना उमटते ती भीतीची. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या प्लॉटवर ‘क्रीडांगण’ असा शिक्का बसला तर काय करायचे? ही भीती अनाठायी नाही. आरक्षण पडते, पण नगरपालिकेकडे जागा संपादन करण्यास पैसा नसतो. मालकाला बांधता येत नाही, विकता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी वा आजारपणात उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला जमिनीचा तुकडा वर्षानुवर्षे अडकून पडतो. समाजाच्या भल्याचा भार एकाच कुटुंबाच्या डोक्यावर देणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही. म्हणून कायद्याने मालकालाही संरक्षण दिले आहे. मंजूर आराखड्याला दहा वर्षे होऊनही जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाच्या दिशेने ठोस पाऊल पडले नाही, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, पुढे ती बारा महिने झाली आणि २०१५ पासून चोवीस महिने आहे. नुसता ठराव करणे किंवा पत्र पाठविणे म्हणजे ठोस पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मालकाला न्याय मिळाला, हे योग्यच झाले. पण त्याच क्षणी गावाने काय गमावले, याचा हिशेब कोण ठेवतो? नोटीस येते, टेबलावर पडून राहते, मुदत उलटते आणि मुलांचे मैदान गळून पडते. यात कधी केवळ आळस असतो, कधी आळसाचे सोंग असते. हितसंबंधी मंडळींना आराखडा उघडपणे बदलण्याची गरज नसते, नगरपालिका गप्प राहिली तरी त्यांचे काम होते. वास्तविक मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो, जागेचा काही भाग त्याला विकसित करू देऊन उरलेला सार्वजनिक उपयोगासाठी घेता येतो. लहान गावात अशा हक्काला बाजारभाव कमी मिळतो हे खरे असले, तरी प्रयत्नच न करण्याचे ते कारण होऊ शकत नाही. आम्हांला असे वाटते की आरक्षणे थोडी असावीत, पण ती खरी असावीत. ज्या पन्नास जागा घेण्याची ऐपत नाही त्या कागदावर रंगविण्यापेक्षा, ज्या दहा जागा निश्चितपणे घेता येतील त्या ठरवाव्यात, त्यांचा क्रम लावावा आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी तरतूद करावी. मालकालाही मग आपले काय होणार हे वेळेवर कळेल.

नंदुरबारच्या आराखड्याला आणखी एक बाजू आहे, जी पुण्या-नाशिकच्या आराखड्याला नाही. या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. शहराची हद्द वाढते ती जनजाती शेतकऱ्यांच्या शेताकडे. शेतावर पिवळा रंग चढण्याची नुसती कुणकुण लागली तरी मध्यस्थ फिरू लागतात. जनजाती बांधवांची जमीन पूर्वपरवानगीशिवाय इतरांकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आहे, आणि हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. हे कायदे कोणी सहज दिलेले नाहीत. सत्तरच्या दशकात शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराजांसारख्या कार्यकर्त्यांनी जमिनीच्या प्रश्नावर समाज जागा केला, ती वेदना या कायद्यांच्या मागे आहे. आराखड्याच्या वेळी या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, भिलीत वा पावरीत, कोणी नकाशा समजावून सांगितला आहे काय? त्याच्या गट क्रमांकावर कोणता रंग पडला आहे, हे मध्यस्थाच्या आधी त्याला कळते काय? त्याला ते मागाहून कळणार असेल, तर तीस दिवसांची मुदत त्याच्यापुरती शून्य दिवसांचीच ठरते.

आणि शहरात आलेल्या माणसाचे काय? अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातून कामासाठी उतरणारे कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला जाते, तसेच नंदुरबारच्या पथाऱ्यांवर आणि बांधकामांवरही येते. ते कोठे राहणार, याचे उत्तर आराखड्यात हवे. तेथे ते नसेल, तर ते कुटुंब नाल्याच्या काठी राहील, रेल्वेच्या जमिनीवर राहील आणि आपण त्याला ‘अतिक्रमण’ म्हणू. खरे तर त्याने आपल्या जागेवर अतिक्रमण केलेले नसते, आपणच त्याला नकाशात जागा दिलेली नसते. समरसतेचा विचार आपण व्यासपीठावरून मांडतो. त्या विचाराची खरी कसोटी गावाच्या आराखड्यात लागते. श्रमिकाची वस्ती, शिक्षकाची वसाहत आणि व्यापाऱ्याचा बंगला यांची मुले एका शाळेत, एका मैदानावर येणार की नाहीत, हे ती शाळा आणि ते मैदान कोठे आखले यावर ठरते. वेगवेगळ्या वस्त्यांना गावाबाहेर वेगवेगळ्या दिशांना ढकलणारा नकाशा समाजही तसाच विखरून टाकतो. मग वीस वर्षे भाषणे देऊनही तो जुळत नाही.

नगररचना ही काही परकीयांनी आपल्याला शिकविलेली विद्या नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाचे प्रकरण आहे. त्यात सहा राजमार्ग, बारा दरवाजे, कोणता व्यवसाय कोणत्या दिशेला, हे सारे नेमकेपणाने सांगितले आहे. आधुनिक काळात १९१४ साली पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत भारतात आला. आपली जुनी गावे पाडून नवी वसविण्याच्या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या वृत्तीला त्याने कठोर विरोध केला. गावाला आधी पायी फिरून समजून घ्या, जे जिवंत आहे ते राखा, जेथे अपरिहार्य आहे तेवढीच शस्त्रक्रिया करा, असे त्याचे सांगणे होते. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपल्या शेजारच्या इंदूरचा आराखडा त्याने १९१८ मध्ये सादर केला. तेथे त्याने केलेली एक गोष्ट आजही अनुकरणीय आहे. दिवाळीच्या सुमारास त्याने मोठी मिरवणूक काढली आणि जे रस्ते लोक सर्वाधिक स्वच्छ करतील त्यांवरूनच ती जाईल, असे जाहीर केले. घरोघर झाडझूड सुरू झाली. सण आणि नागरी कर्तव्य यांची गाठ घालता येते, हे एका परदेशी माणसाने ओळखले. आपल्याला ते ओळखायला कोणाची हरकत आहे?

येथे पुण्याचा अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला होता. त्याच्या सुधारणेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. प्रारूप प्रसिद्ध झाले, हरकतींचे ढीग पडले, समितीने सुनावण्या घेतल्या, पण महापालिकेच्या सभागृहात निर्णय होईना. अखेर मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपविला. २०१७ च्या जानेवारीत त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे सुधारित आराखडा लागू व्हायला तीस वर्षे गेली आणि त्याचा शेवटचा निर्णय लोकांनी निवडलेल्या सभागृहाने नव्हे, तर अधिकाऱ्यांनी घेतला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना सोपवावयाच्या विषयांची जी बारावी अनुसूची दिली, तिच्यातला पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. जो अधिकार आपण वेळेत वापरत नाही, तो आपल्याकडे राहत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपालिकांवर निवडणुका लांबल्यामुळे काही वर्षे प्रशासक होते. त्या काळात तर नागरिकांनीच डोळ्यांत तेल घालून पाहारा द्यायला हवा होता. सत्ता कोणाची आहे हा येथे प्रश्नच नाही. आपल्या विचाराचे लोक पालिकेत बसले आहेत म्हणून आराखडा पाहायला नको, असे कोणी कार्यकर्ता समजत असेल, तर तो स्वतःची आणि त्या लोकांचीही हानी करतो. चांगल्या माणसालाही जागत्या शेजाऱ्याची गरज असते.

आणखी एक अडचण आज उभी आहे. आराखडा पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधून करायचा असतो आणि त्या अंदाजाचा पाया म्हणजे जनगणना. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. त्यामुळे जुन्या आकड्यांवरून भविष्य मांडण्याची वेळ अनेक गावांवर आली. ज्या गावातून ऋतूप्रमाणे माणसे बाहेर जातात आणि ऋतूप्रमाणे येतात, तेथे तर आकडे अधिकच फसवे. अशा वेळी नगरपालिकेकडची नळजोडण्यांची संख्या, शाळांची पटसंख्या, शिधापत्रिका, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांचा ताळा घेतला पाहिजे. पाण्याचा हिशेब तर आधी. नंदुरबार शहराला शिवण नदीवरील विरचक धरणाचे पाणी मिळते. ते किती माणसांना पुरेल, हे ठरविल्यावाचून किती एकर जमिनीवर पिवळा रंग चढवायचा हे ठरविणे, म्हणजे ताटे मांडून झाल्यावर घरात धान्य आहे का ते पाहण्यासारखे आहे.

मग करायचे काय? आम्ही आंदोलन करा असे सांगत नाही. त्याहून कमी गोंगाटाचे आणि अधिक चिकाटीचे काम सुचवतो. आपल्या गावाचा मंजूर आराखडा कोणत्या वर्षीचा आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आधी विचारून घ्यावे. त्याची प्रत वाचनालयात लावावी. त्यातील आरक्षणांची यादी करून एका रविवारी पाच-सहा जणांनी पायी फिरून प्रत्येक जागेवर आज काय आहे ते लिहून काढावे. मैदान आहे की गोदाम, बाग आहे की प्लॉट. ही वही दरवर्षी नवी करावी. सुधारणेचा इरादा जाहीर होताच सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच आपली माहिती लेखी द्यावी, कारण पायातील चूक तेथेच दुरुस्त होऊ शकते. प्रारूप प्रसिद्ध झाले की ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, गणेश मंडळे, शिक्षक, वकील, डॉक्टर यांनी गल्लीनिहाय नकाशा वाचावा. हरकत मोघम नसावी. ‘गावाचे हित पाहावे’ असल्या अर्जाला काहीही अर्थ नसतो. गट क्रमांक वा सर्व्हे क्रमांक, आक्षेप, त्याचे कारण आणि सुचविलेला पर्याय अशा चार गोष्टी तिच्यात असाव्यात, आणि पोच घ्यावी. सुनावणीला स्वतः जावे. आराखडा मंजूर झाल्यावरही डोळे मिटू नयेत. कलम ३७ खाली एकेका जागेचे फेरबदल होत राहतात आणि बव्हंशी आरक्षणे अशी एकेक करूनच नाहीशी होतात. प्रत्येक फेरबदलाचीही जाहीर सूचना निघते आणि तिच्यावरही हरकत घेता येते.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. हरकत फक्त स्वतःच्या प्लॉटवरचे आरक्षण शेजाऱ्याच्या प्लॉटवर ढकलण्यासाठी असेल, तर ती नागरिकाची हरकत नव्हे. मध्यमवर्गाने या बाबतीत स्वतःकडे पाहावे. मैदान हवे, पण आपल्या गल्लीत नको, पोरांचा गलका होतो. दवाखाना हवा, पण दोन गल्ल्या सोडून. कचऱ्याची गाडी हवी, पण कचरा डेपो दुसऱ्याच्या वेशीवर. आणि सगळ्या नकोशा गोष्टींचे ओझे शेवटी ज्यांना हरकत लिहिता येत नाही त्यांच्या वस्तीवर जाऊन पडते. ज्याला लिहिता येते त्याने, ज्याला येत नाही त्याची हरकतही लिहावी. आम्हांला अभिप्रेत असलेले नागरिकत्व हेच.

नंदुरबारच्या जुन्या गावात एक चौक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे हातात तिरंगा घेतलेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या बालसवंगड्यांवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम आणि शिरीषकुमार अशी ती पाच मुले. दरवर्षी गाव त्या जागी नतमस्तक होते. ती मुले एकत्र जमू शकली, कारण गावाला एक चौक होता, सर्वांचा, कोणाच्याही मालकीचा नसलेला. आजच्या मुलांना असा चौक कोठे आहे? त्यांचे मैदान कोणत्या सर्व्हे क्रमांकात आहे आणि त्या आरक्षणाची मुदत कधी संपते? आपल्या गावाच्या आराखड्याचे वर्ष ज्या वाचकांना आजवर ठाऊक नव्हते, त्यांनी येत्या सोमवारी नगरपालिकेत जाऊन ते विचारावे. तीस दिवस कधी सुरू होतील ते आपल्या हाती नाही. ते सुरू झाले हे कळेल इतके जागे राहणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.